मोटर फोन उचलंना

मामांचा फोन रात्री साडेअकराला आला. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा अशा वेळी फोन आला की मन भलत्याच वाटेला लागतं. मी उठून बसलो, आधी चष्मा शोधला (बोलायला चष्मा कशाला लागतो, हे साठी ओलांडल्याशिवाय कळत नाही) आणि विचारलं, "काय झालं मामा?"

"आरं, मोटर फोन उचलंना."

माझा जीव भांड्यात पडला.

मामांची विहीर भिगवणच्या बाजूला, वस्तीपासून चांगली दीड किलोमीटर. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मामा पूर्वी बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे, बांधावर पाय आपटत, सापाला आगाऊ वर्दी देत. आता स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसलंय. खाटेवर पडल्या पडल्या मोटरीला फोन लावायचा, तिनं उचलला की पाणी सुरू. ही करामत आपल्याच जिल्ह्यातली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं असं यंत्र शेतकऱ्यांच्या हाती दिलं आणि 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. मामा आपल्या पेटीला नुसतं 'ऑटो' म्हणतात, आणि मोटरीला 'ती'.

"रिंग जातीय का मामा?"

"न्हाय. मधीच एक बाई बोलती."

"काय बोलती?"

"ते मला काय इचारतो? आधी हिंदीत बोलती, मग इंग्रजीत बोलती. रागावल्यागत वाटतीय."

"मामा, मोटरीचा रिचार्ज संपलाय."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात, "तिला बी रिचार्ज लागतो व्हय? ती कुणाला फोन करती?"

हे प्रश्नोत्तरांचं खातं माझ्याकडे कसं आलं, ते सांगायला हवं. मी बारामतीत बँकेत नोकरी केली. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण 1987च्या जानेवारीत टीव्हीवर रामायण सुरू झालं आणि आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. पत्र्यावर चढून अँटेना सिंहगडाच्या रोखानं धरायची, म्हणजे पश्चिमेला आणि किंचित उत्तरेकडं, असा शोध त्या रविवारी मला लागला. खालून "आलं, आलं... गेलं!" असा गजर. शेवटी मी हात लावून उभा राहिलो की चित्र स्वच्छ, हात काढला की पडदाभर मुंग्या. त्या दिवशी रामाचं दर्शन अख्ख्या वाड्याला झालं, मला फक्त ऐकू आलं. पण खाली उतरलो तो तज्ज्ञ होऊनच. पदवी एकदा चिकटली की सुटत नाही. पुढं रंगीत टीव्ही आले, मिक्सर आले, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करायच्या पेट्या, मोबाईल. बारामतीपासून इंदापुरापर्यंत जेवढे नातेवाईक आहेत त्यांच्या घरात जे जे बंद पडतं ते आधी माझ्या कानावर येतं, मग वायरमनच्या.

एक गुपित सांगतो. मला फारसं काही येत नाही. मी नुसतं ऐकतो. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय की बिघाड काय आहे हे विचारणाऱ्याच्या वाक्यातच असतं, फक्त त्याला वाटत असतं की आपण नुसती तक्रार करतोय. यंत्राला आपली माणसं यंत्र समजतच नाहीत. त्याला ती आजारी माणसासारखं किंवा आडमुठ्या जनावरासारखं वागवतात, आणि तसंच वर्णन करतात. "पंखा नुसता गुणगुणतोय, पण उठत न्हाय," असं चुलतभाऊ म्हणाला. हाताने ढकललं की फिरतो का? फिरतो. म्हणजे कपॅसिटर गेला. मोटरीला पहिला धक्का देणारी ती छोटीशी डबी, दुकानात चिल्लर पैशांत मिळते. भावाला कपॅसिटर हा शब्द ठाऊक नव्हता, पण "उठत न्हाय" याहून नेमकं कुणी काय सांगणार?

धाकट्या जावेनं एकदा बायकोला फोन केला की फ्रीज दर चार-पाच मिनिटांनी "टक" करतो आणि "दमल्यागत" गप्प बसतो. कधी? तिन्हीसांजेला. उन्हाळ्यात? होय. अगदी बरोबर. घराघरातले कूलर एकाच वेळी जागे होतात, व्होल्टेज खाली येतं, दिवे पिवळे पडतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, तापतो, आणि आतली रक्षक कळ त्याला "टक" करून बसवते. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तो खरंच दमलेला असतो. त्याला बंद ठेवायचं, व्होल्टेज आलं की लावायचं, आणि जमलं तर स्टॅबिलायझर घ्यायचा. आमच्याकडे त्याला सगळे 'स्टेपलायझर' म्हणतात. बँकेत असताना मी हा शब्द सुधारायचो. आता नाही सुधारत.

याउलट वस्तूबरोबर येणारं माहितीपुस्तक. दहा-बारा भाषांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मराठी पान सापडलंच तर त्यात मिक्सरला 'उपकरण' म्हटलेलं असतं आणि पुढचं वाक्य कर्त्याच्या शोधात पानाच्या शेवटपर्यंत जातं. कंपनीच्या फोनवर मुलगी विचारते, आवाज नॉर्मल आहे की अबनॉर्मल? आता खरखर, घरघर, खडखड, चुरचुर, भुस्स, सुंसुं असे इतके आवाज आपल्याकडे हजर असताना या दोनच खुर्च्यांत त्यांना कसं बसवायचं? मिक्सर घरघरला तर भांड्याखालची कपलिंग बघा, खडखडला तर पात्याखाली हळकुंड अडकलंय, आणि चुरचुर करून वास आला तर हात लावू नका, प्लग काढा.

सगळ्यात लांब वर्णन आत्याचं. आत्या निमगाव केतकीची, घरचा पानमळा. तिचा कुठलाही बिघाड आदल्या आठवड्यापासून सुरू होतो. कोण आलं होतं, काय जेवले, कुणाच्या पोरानं कुठल्या बटणाला हात लावला, आणि मग विसाव्या मिनिटाला मुद्दा. पण मी तोडत नाही, कारण एकदा तोडलं आणि फजिती झाली. तिचा मोबाईल अडकला होता. मी घाईत म्हणालो, "आत्या, पूर्ण बंद कर आणि परत चालू कर." ती गेली आणि घराचा मेन स्विच पाडून आली. इन्व्हर्टर लगेच धावून आला, त्यामुळे घरात काहीच बंद पडलं नाही. आत्या म्हणाली, "केलं बंद. कायच फरक न्हाय." दोन तास आम्ही दोघं एकमेकांना मूर्ख समजत होतो.

तिचाच दुसरा प्रश्न मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. घरात नवे एलईडी दिवे बसवले होते. रात्री फोन, दबक्या आवाजात: "आरं, दिवा बंद केला तरी त्यात धुगधुगी हाय. कुणाचा जीव अडकला आसंल का?" माझे सासरे गेले तेव्हा डॉक्टर यायच्या आधी घरातल्या कुणीतरी हाच शब्द वापरला होता, म्हणून मीही क्षणभर गप्प झालो. खरं कारण साधं आहे. वायरमननं बटण फेजच्या वायरवर न लावता न्यूट्रलवर लावलं, किंवा बटणातच छोटा लाल दिवा असला, की बंद करूनही दिव्याकडं वीज झिरपत राहते. जुन्या पिवळ्या बल्बाला ती पुरायची नाही, म्हणून तो निमूट विझायचा. एलईडीचं पोट लहान, त्याला तेवढ्यावर भागतं. ही चूक घरात तीस वर्षं असणार, नव्या दिव्यानं ती नुसती दाखवली. आणि ती दुरुस्त करावीच लागते, कारण बटण बंद असूनही होल्डरात करंट जिवंत असतो. आत्याचा शब्द इथंही चुकला नव्हता.

मुंग्या हा शब्द मात्र जपून ऐकावा लागतो. टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या. आता पावसात चित्र आधी ठोकळ्यांत फुटतं आणि मग पडदा कोरा होतो, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या त्या बारीक लहरी जाड सरीतच विरून जातात. पाऊस थांबेपर्यंत छत्री घेऊन पत्र्यावर जाण्यात अर्थ नाही. (डीडी फ्री डिशची थाळी आपल्याकडून आग्नेयेला तोंड करते. एका पाहुण्यांनी आग्नेय दिशा अग्नीची म्हणून ती ईशान्येला वळवून घेतली होती. वास्तू शांत झाली, टीव्हीही.) पण मागच्या वैशाखात चुलतसुनेनं सहज बोलता बोलता सांगितलं, "फ्रीजला हात लावला की मुंग्या येत्यात, पण गार चांगला करतोय." तिचा प्रश्न वेगळाच होता, बर्फाचा. मी बर्फ बाजूला ठेवला. आधी प्लग काढ, म्हटलं. काढताना पायात चप्पल घाल, हात कोरडा ठेव, आणि पोरांना तिकडं फिरकू देऊ नको. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरामागचा अर्थिंगचा खड्डा तसाच सुकतो, आणि फ्रीजच्या अंगात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. मग तो वाट शोधतो हातातून. खड्ड्यात पाणी ओतून भागलं असं समजायचं नाही, वायरमनला बोलावून तपासून घ्यायचं. हा एकच फोन असा की त्यात मी एकही विनोद केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीनं गेलो.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्यानं जाताना जंक्शन नावाचं गाव लागतं. तिथं आगगाडी थांबत नाही. दर वेळी मला वाटतं, एवढ्या वायरी जुळवणाऱ्या माणसाला राहायला तेच गाव शोभलं असतं.

याच रस्त्यानं आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, पुढं इंदापूर. पालखी निमगावला आली की आत्याच्या ओसरीवर भाकरी-पिठल्याइतकीच मागणी असते ती बोर्डाला. पूर्वी वारकरी पाणी मागायचे, आता "माउली, जरा चार्जिंगला लावता का?" गेल्या वर्षी मी मुद्दाम चार दिवस आधी जाऊन तीन एक्स्टेन्शन बोर्ड जोडून दिले. आत्याला धास्ती, मीटर पळेल. मी तिला पाटीवर हिशेब मांडून दाखवला: साधारण चाळीस मोबाईल रिकाम्याचे पूर्ण भरले तरी कसंबसं एक युनिट जळतं, तू परवा नातसुनेच्या साड्यांना तासभर इस्त्री केलीस, तेवढंच. आत्या म्हणाली, "मग लावा की शंभर." फोन ओळखायचे कसे, हा पेच तिनंच सोडवला. प्रत्येकाला रंगीत दोरा, आणि तसाच दोरा वारकऱ्याच्या मनगटाला.

रात्री दहाच्या सुमाराला मराठवाड्याकडची एक म्हातारी आली. साधा, बटणांचा फोन. तीन चार्जर लावून झाले, पोरं म्हणाली फोन गेला, आता नवा घ्या आजी. तिनं तो परत पदरात घेतला, कानाजवळ नेला, हलवला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "गेला न्हाय बाबा. देहूपासून बरा होता. दोन दिस झाले, घास तोंडात घेतो आन् गिळंना. ह्याच्या घशात कायतरी आडकलंय."

मी फोन बंद केला, उजेडात धरला. दात कोरायची लाकडी काडी हळूच चार्जिंगच्या भोकात फिरवली. आतून काळी भुकटी निघाली, मग आणखी थोडी, शेवटी कापसासारखा एक घट्ट पुंजका. फोन ती कमरेच्या पिशवीत ठेवत होती, आणि त्याच पिशवीत बुक्क्याची पुडी सुटली होती.

चार्जर लावला. पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं आणि त्यातली रेघ वर चढू लागली. म्हातारीनं माझ्या तळहातावरची भुकटी चिमटीत उचलली, फुंकून कापूस उडवला आणि उरलेली माझ्या कपाळाला लावली. मग आत्याकडं वळून म्हणाली, "ह्या दादाला इचारा माय, ह्याच्यावर लेकीचा फोटू दिसतो का, कसा काढायचा?"

फोन साधा होता, फोटो येत नव्हता. मी चष्मा पुसला आणि तिला जवळ बसवलं.