साठ भागिले चोवीस

लिनक्स फुकट मिळतं. सरळ चालणारा सिनेमा मात्र घाम गाळून मिळवावा लागतो. सिनेमाच्या सेकंदाला 24 फ्रेम, मॉनिटरचे ठोके 60. अडीचकीचा हिशेब जमेना, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा. नायिका चालते ती लंगडत! त्यात पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या 1987 सालच्या एक्स-11 ची कृपा झाली, तर नायकाचं डोकं या क्षणात आणि धड मागच्या.

उपाय? एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरला ‘डिस्प्ले-रीसॅम्पल’ सांगा. तो आवाजच किंचित ताणून चित्राच्या तालावर बसवतो. मग एक्स-11 च्या जागी वेलँड घ्या, 120 हर्ट्‌झचा मॉनिटर घ्या; 24 ने निःशेष भाग जातो.

सगळं केलं. रात्री दोनला एकही फ्रेम अडखळेना. सिनेमा कोणता होता, ते विचारू नका; तपासणीसाठी लावलेली पहिली चाळीस सेकंदं मात्र तोंडपाठ आहेत.