लाखाचं थोटूक

व्हिएतनामला पोचल्यावर आपल्या मंडळींच्या हाती पहिली गोष्ट लागते ती श्रीमंती. दहा हजार रुपये मोडले की तीस लाखांच्या आसपास डाँग मिळतात आणि माणूस बायकोसमोर आयुष्यात प्रथमच लखपती ठरतो. 2024 मध्ये भारतातून पाच लाखांवर पर्यटक तिकडे गेले. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, त्यामुळे चिवड्याची पिशवीही वाटेत कुठे न थांबता पोचते.

ती रिकामी झाली की पंचाईत. हनोईच्या जुन्या पेठांत कचऱ्याचा डबा सहज सापडत नाही. तिथली रीत निराळी आहे. संध्याकाळी सफाई कामगाराची हातगाडी येते, घंटा वाजते आणि घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडतात. काही ठिकाणी गाडीची वाट पाहत दारापुढे ढीगही लागतो. तो पाहून आपला पर्यटक सुखावतो. ‘बघा, हेही आपलेच भाऊबंद!’ मग तो दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच स्वच्छ झाडलेल्या जागी, आपला कॉफीचा ग्लास ठेवून पुढच्या देवळाकडे निघतो. जागा बरोबर, वेळ तेवढी बारा तास चुकली.

खरा साक्षात्कार होतो ता हिएन गल्लीत, बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. शेजारचा हनोईकर बियरबरोबर शेंगा खात टरफलं खुशाल टेबलाखाली टाकतो. पाठोपाठ लिंबाची फोड आणि कागदी रुमाल. आपल्या माणसाला वाटतं, मोक्ष म्हणतात तो हाच! पण त्या टेबलाखालची जमीन दुकानाच्या ताब्यात असते, आणि गिऱ्हाईक उठलं की मालकीणबाई स्वतः खराटा घेऊन येतात. आपले पाहुणे यातला फक्त पूर्वार्ध शिकतात आणि तो होआन कीएम तळ्याकाठी जाऊन करून दाखवतात. तिथे ना टेबल, ना मालकीणबाई.

त्या तळ्यात एक पूज्य महाकाय कासव होतं. 2011 मध्ये त्याच्या अंगावर जखमा दिसल्या, तेव्हा गढूळ पाण्यातून बाहेर काढून त्याच्यावर उपचार केले. 2016 मध्ये ते गेलं. आता ते तळ्यातल्या न्गोक सॉन मंदिरात काचेच्या पेटीत आहे. तेव्हा पाण्यात बाटली भिरकावताना कोणी ‘कासव गिळेल हो’ म्हणून अडवणार नाही. त्या पेटीसमोर सेल्फी मात्र अवश्य काढावा.

आता दंडाचं दरपत्रक, डाँगमध्ये. 2022 च्या अध्यादेशानुसार सिगारेटचं थोटूक भलत्या जागी टाकलं तर एक ते दीड लाख. भलत्या जागी लघुशंका केली तर दीड ते अडीच लाख. आणि फुटपाथवर, रस्त्यात किंवा गटारात कचरा टाकला तर दहा ते वीस लाख. म्हणजे व्हिएतनाम सरकारच्या लेखी चिवड्याची पिशवी लघुशंकेहून कितीतरी भारी! आकडे ऐकून नवलखपतीला घाम फुटतो, मग तो मोबाइलवर तीनशेने भागतो, थोटूक साडेतीनशे ते पाचशे रुपयांत बसतं असं पाहतो आणि दुसरी सिगारेट पेटवतो.

पान खाणाऱ्यांनाही तिथे परकं वाटणार नाही. व्हिएतनाममध्ये लग्नाची बोलणी विडा-सुपारीवाचून पुढे सरकत नाहीत. फक्त जुन्या म्हाताऱ्या पानाच्या साहित्याबरोबर पिकदाणीही बाळगत. आपण गुटख्याची पुडी बाळगतो आणि पिकदाणीच्या जागी जिना वापरतो. 2012 पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे पुडी कुठून आली हे मी विचारत नाही.

हनोईत रात्री रस्ते झाडणाऱ्या बाईवर ‘तो हूऊ’ नावाच्या कवीने 1960 मध्ये कविता लिहिली आणि ती तिथल्या पिढ्या शाळेत शिकल्या. आपण झाडूवालीवर आजवर तक्रार अर्ज तेवढे लिहिले.

तेव्हा पर्यटकहो, मोक्ष टेबलाखालीच ठेवून उठा. रिकामी बाटली हातात धरून हॉटेलवर न्या. खोलीत टोपली असते, आणि तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत.