संमती बापाची, अंगठा पोराचा

अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्याआधी कंपनीने त्याच्या आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ चे कलम ९ सांगते. मुलाच्या मागावर राहायचे नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. चुकल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मूल तेराव्या वर्षापर्यंतच मूल असते, युरोपात देशागणिक तेरा ते सोळा. भारतातले मूल कागदावर बरेच जास्त दिवस मूल राहते.

कायद्यातला पालक जाणता आणि मूल अजाण. मोबाइलपुरती ही वाटणी मराठवाड्यातल्या कंधार तालुक्यात उलटी आहे. वडिलांचे खाते पोराने उघडलेले, पासवर्ड पोराने ठेवलेला, विसरलाही पोरगाच. ओटीपी वडिलांच्या नंबरावर येतो आणि वडिलांचा मोबाइल पोराच्या हातात असतो. त्यामुळे बाप रानातून घरी येईपर्यंत त्याची संमती देऊन झालेली असते. कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे, पण आतलाच माणूस फळी टाकून देत असेल तर खंदक काय करणार!

वयाचा घोळही इकडे नवा नाही. मराठवाड्यात कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लावली. आज ॲपने जन्मसाल विचारले की सातवीतला विद्यार्थी बेधडक २००० निवडतो. गुरुजींचे तेवढे काम वाचले.

या कायद्याखालच्या नियमांनी यावर तोड काढली आहे. पालकाचे वय आणि ओळख कंपनीकडे आधीपासून असलेल्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनावरून ताडायची. म्हणजे पोराच्या माहितीची राखण करायला बापाची माहितीही कामाला लावायची. डिजिलॉकर उघडून द्यायला घरात कोणाला हाक मारली जाते, हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांची कित्येक पोरे मागे आजीजवळ राहतात. कायद्याला आई-वडील किंवा कायदेशीर पालक लागतो. आजी त्यात बसेलच असे नाही. तिने आपली संमती नातू गप्प बसतो एवढ्यावर केव्हाच देऊन टाकलेली असते.

संमतीपत्र भरून देण्याचा सराव पालकांना शाळेनेही दिला आहे. विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकाची संमती ऐच्छिक. ती गोळा करण्याचा तगादा मात्र शिक्षकांमागे कायम.

माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार माहिती देताना दुसऱ्याचे सोंग घेता येत नाही. घेतल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड. बापाचे सोंग पोराने घेतले तरी पैसे बापाच्याच खिशातून जाणार.

या कायद्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे बालदिनी जाहीर झाले. संमतीची अट लागू होणार अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये. बालदिनी साडेसोळा वर्षांचे असलेले कंधारचे पोर तोवर अठराचे होईल आणि त्याला कोणाच्याच संमतीची गरज उरणार नाही.