बायसन आणि बाकीचे शास्त्रज्ञ

शिकागोजवळच्या फर्मीलॅब या सरकारी प्रयोगशाळेत कणांच्या टकरी नीट सुरू होण्याआधीच बायसन चरू लागले होते. पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी 1969 मध्ये पाच बायसन आणून सोडले. आसपासच्या लोकांनी लगेच तर्क लढवला: किरणोत्सर्ग झालाच तर आधी यांना कळेल, म्हणून ठेवलेत! सरकारी कुरणात जनावर नुसतं शोभेसाठी उभं असेल, यावर जगातला कुठलाच करदाता विश्वास ठेवणार नाही. बायसन मात्र दर वसंतात धडधाकट वासरं देऊन या अफवेला परस्पर उत्तर देत आले आहेत.

त्यांच्या पायाखालचं गवत हा खरा उद्योग. इलिनॉय राज्याची मूळ प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, नांगराखाली गेली. दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरली. रॉबर्ट बेट्झ नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक ती शोधत जुन्या दफनभूमी धुंडाळत, कारण तिथं नांगर शिरला नव्हता. कणांना वेग देणाऱ्या त्वरकाच्या वर्तुळातल्या मोकळ्या जमिनीवर प्रेअरी पुन्हा आणू, पण चाळीस वर्षंही लागतील, असं त्यांनी विल्सनना सांगितलं. मग आज दुपारीच सुरुवात करू, असं विल्सन म्हणाल्याची आठवण तिथं अजून सांगतात. ‘आज दुपारी’ हे शब्द सरकारी कार्यालयात फक्त जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवलेले असतात, अशी माझी समजूत होती.

1975 मध्ये पेरणी सुरू झाली. आता प्रेअरी हजारेक एकरांवर आहे. आणि तिची निगा कशी राखतात? ठरवून आग लावून! मुळं खोल असल्याने प्रेअरीचं गवत पुन्हा फुटतं. आगंतुक झुडपं जळतात. आमच्याकडे वणवा लावणारा गुन्हेगार ठरतो, तिथं तो पगारी असतो.

प्रयोगशाळेच्या विजेचं मात्र विचारू नये. टेव्हाट्रॉन या तिथल्या महाकाय त्वरकाचं आधीचं एक नाव चक्क ‘एनर्जी सेव्हर’ होतं. अतिवाहक चुंबकांनी वीज वाचे हे खरंच, पण हत्तीनं खाणं कमी केलं, तरी भूक हत्तीचीच. 2011 मध्ये यंत्र बंद झालं; त्या वर्तुळातलं गवत मात्र दर उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातं. ‘झाडे लावा’च्या फलकांपेक्षा मी या गवतावर जास्त विश्वास ठेवतो.

तेव्हा मुलाकडे शिकागोला गेलात आणि त्यानं ऑरोराच्या बालाजीला नेलं, तर दर्शनानंतर गाडी बॅटेव्हियातल्या फर्मीलॅबकडे वळवायला सांगा. जाण्याआधी वेळा तेवढ्या बघा, आणि ओळखपत्र जवळ असू द्या. जागा शेवटी सरकारी आहे.