करकोच्याआड लपलेल्या हफसाहेबांना खुलं पत्र

कै. डॅरेल हफ यांस,


तुम्ही २००१ साली गेलात. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण तुमचा युक्तिवाद अजून माझ्या वर्गात येऊन बसतो.

दरवर्षी सहसंबंध शिकवताना मी फळ्यावर ठिपके काढते. आडव्या अक्षावर एक चल, उभ्या अक्षावर दुसरा. ठिपके चढत्या रेषेला धरून राहिले की गुणांक +१ कडे जातो, उतरत्या रेषेला धरून राहिले की -१ कडे, आणि रेषाच सापडली नाही तर शून्याच्या आसपास. दोन गोष्टी किती जोडीनं चालतात, एवढंच तो आकडा सांगतो. कोण कोणाला ओढतंय, हे त्याला ठाऊक नसतं.

ही गोष्ट सामान्य वाचकाला तुमच्याइतकी सोपी करून फार थोड्यांनी सांगितली. १९५४ साली तुमचं ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या लाखो लोकांनी ते वाचलं. न्यू हेब्रिडीज बेटांवरच्या उवांची हकीकत त्यातलीच. निरोगी माणसांच्या अंगावर उवा दिसायच्या, आजाऱ्यांच्या नाही. म्हणून उवांमुळे तब्येत चांगली राहते, अशी तिथल्या लोकांची समजूत. खरं तर ताप आला की अंग तापायचं आणि उवाच निघून जायच्या. म्हणजे कार्यकारणाची दिशा उलटी. दुसरं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या धर्मोपदेशकांच्या पगाराचं आणि हवानातल्या रमच्या किमतीचं. दोन्ही बरोबरीनं वाढले, कारण महागाई दोघांच्याही मागे होती. म्हणजे कारण तिसरंच. दिशा तपासा, तिसरा घटक शोधा. हे दोन धडे तुम्ही दिलेत आणि मी ते आजही तुमच्याच शब्दांच्या आधारानं शिकवते.

मग १९६५ साल आलं. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापावी की नाही, यावर अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे सुनावणी चालू होती. तिथे तुम्ही साक्षीला उभे राहिलात, सिगारेट उद्योगाचे पैसे घेऊन. तुम्ही गोष्ट सांगितलीत करकोच्यांची आणि बाळांची. घरावर करकोच्यांची घरटी जास्त, तर घरात मुलंही जास्त. म्हणून करकोचे मुलं आणतात असं थोडंच आहे? मोठ्या कुटुंबाचं घर मोठं, छप्पर मोठं, म्हणून घरटी जास्त. इथवर बरोबर. पण धूम्रपान आणि रोग यांचा संबंधही तितकाच पोकळ वाटतो का, असं विचारल्यावर तुम्हाला दोन्ही सारखेच वाटले. वा, हफसाहेब! शेत राखायला घातलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं.

तुमचे दोन्ही धडे तोवर दुसऱ्यांनी गिरवून झाले होते. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे होते फक्त २. इतर आजारांच्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. पण या दोघांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही. दिशा तपासायची म्हणून १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली आणि त्यांच्या सवयी आधी लिहून घेतल्या. चाळीस हजारांहून अधिक उत्तरं आली. मग वर्षानुवर्षं वाट पाहिली, कोण कशानं दगावतो त्याची नोंद ठेवली. सवय आधी, रोग नंतर. सिगारेटी जितक्या जास्त, तितका धोका जास्त.

राहिला तिसरा घटक. त्याचा हिशेब जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळाच एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा घटक कोणी दाखवू शकलं नाही. तुम्हीही नाही. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं धूम्रपान हे पुरुषांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण असल्याचं स्वच्छ सांगितलं. आणि १९६५ च्या जानेवारीत, तुम्ही साक्ष दिलीत त्याच वर्षी, हिल यांनी लंडनमध्ये सहसंबंधापासून कारणापर्यंत कसं पोचावं, याचे नऊ निकष मांडले. तोच विषय आणि तेच वर्ष. ते वाट दाखवत होते, तुम्ही दार लावत होता.

माझा तुमच्यावर आरोप हाच आहे. “सहसंबंध म्हणजे कारण नव्हे” हे वाक्य तपास सुरू करण्यासाठी आहे. तुम्ही ते तपास थांबवण्यासाठी वापरलंत. अडाण्यानं केलं असतं तर चूक म्हटली असती. तुम्ही जाणते होतात, म्हणून हा गुन्हा आहे. धूम्रपानाच्या आकडेवारीवर तुम्ही त्याच उद्योगासाठी एक पुस्तकही लिहायला घेतलं होतं. ते छापलं गेलं नाही, हे वाचकांचं नशीब.

त्या दाराची कडी आमच्याकडे आजही लागते. वर्गात कोणीतरी म्हणतंच, “मॅडम, माझे आजोबा ऐंशी वर्षं जगले, तंबाखूची चंची कधी सुटली नाही.” मी फळ्यावरचा एक ठिपका दाखवते, रेषेपासून दूर पडलेला. गुणांक पुरता +१ किंवा -१ नसला की रेषेबाहेरचे ठिपके असायचेच. एका ठिपक्यानं रेषा पुसली जात नाही.

विद्यार्थ्यांनो, हफसाहेबांचं पुस्तक जरूर वाचा, त्यातली शिकवण खरी आहे. पण “हा नुसता सहसंबंध आहे” असं कोणी म्हणालं की तिथेच थांबू नका. विचारा: आधी काय घडलं? मात्रा वाढली की परिणाम वाढतो का? तिसरा घटक असेल तर तो कोणता, आणि तो पुरेसा मोठा आहे का? उत्तरं न देता जो फक्त करकोचा दाखवतो, त्याला पैसे कोण देतंय, तेही विचारा.

संख्याशास्त्राची एक शिक्षिका