तीस सेंट आणि मामांचा काटा

कोल्हापूर भागात लग्न ठरतं ते याद्यांच्या बैठकीत. दोन्हीकडचे जाणते एकमेकांसमोर बसतात, पानाचं ताट फिरतं आणि अक्षर चांगलं म्हणून निवडलेला कुणी पाहुणा वर 'श्री' घालून कागदावर लिहायला लागतो. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, बस्ता कुठं बांधायचा, मानपान किती जणांचा, नवरदेवाला अंगठी किती ग्रॅमची. या कागदावर अलीकडं एक नवं कलम शिरलंय. ते मुलीकडून येतं, आणि बैठकीत येत नाही. बैठक उठली, पाहुण्यांच्या गाड्या वळल्या की नवरदेवाच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो पडतो. फोटोत कुणा परदेशी बाईचं बोट असतं आणि बोटावर हिरा.

मुलाकडचे तत्काळ हो म्हणतात. पाच एकर बागायत, गोठ्यात म्हशी, दारात बुलेट आणि गल्लीत वट असूनही ज्या पोराला चार वर्षं स्थळ सापडत नव्हतं, त्याला होकार देणाऱ्या मुलीनं उद्या पन्हाळा मागितला, तरी घरची माणसं तलाठ्याकडं सातबारा काढायला जातील. त्यापुढं हिरा म्हणजे किरकोळ खर्च.

पंचाईत वेगळीच आहे. सोनं कसं घ्यायचं हे इथं पोटातनं शिकून येतात. महाद्वार रोडवरनं गुजरीत शिरायचं, आजोबांच्या काळापासूनच्या सोनाराच्या गादीवर टेकायचं, चहा येईपर्यंत वजन बघायचं आणि चहा संपेपर्यंत घडणावळीवर भांडायचं. शाळेची पायरी न चढलेली आजी कोल्हापुरी साजाची एकवीस पानं हातात घेऊन मासा, कासव, भुंगा, कारलं अशी नावानिशी सांगते आणि त्यातलं कुठलं पान नंतर बदललंय तेही सांगते. ठुशी, बोरमाळ, पुतळ्या, मोहनमाळ यांना कुणी कधी सर्टिफिकेट विचारलेलं नाही. अडीनडीला मोडायचं, नाहीतर तारण ठेवायचं, सुगीत सोडवून आणायचं. कोल्हापूरच्या बाईच्या गळ्यातलं सोनं हे एकाच वेळी दागिना, विमा आणि बँक असतं, आणि तिन्हींचा तिला पाठ असलेला हिशेब घरातल्या कुठल्याही पुरुषाला ठाऊक नसतो.

हिऱ्याच्या दुकानात मात्र हे सगळं ज्ञान दाराबाहेर चपलांबरोबर राहतं.

अंगठी एका बोटाची, पण बघायला जीपभर माणसं. नवरदेव, त्याचे आईवडील, बहीण ('मी बी येतो,' असं अस्सल कोल्हापुरी थाटात म्हणून ती पुढच्या सीटवर बसलेली), एक मित्र, जो मोबाईलवर रात्रभर व्हिडिओ बघून हिरेतज्ज्ञ झालेला आहे, आणि मामा. मामांशिवाय आमच्याकडं म्हैससुद्धा घेत नाहीत. गारेगार शोरूममध्ये काळ्या मखमलीच्या ट्रेपुढं ही मंडळी बसली आणि कडक इस्त्रीतल्या विक्रेत्यानं 'सर, फोर सीज माहिती आहेत का?' असा पहिला प्रश्न टाकला. सोनार गिऱ्हाइकाची परीक्षा घेतो, हे गुजरीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत असावं.

कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट. अमेरिकेतल्या जीआयए या 1931 साली निघालेल्या संस्थेनं जगाला लावलेला हा अभ्यासक्रम. त्यात रंगाची मोजणी डी या अक्षरापासून सुरू होते आणि झेडपर्यंत उतरत जाते. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, खाली जाईल तसा पिवळट.

'ए, बी, शी कुठं गेलं?' मामांनी विचारलं.

'सर, डी हाच टॉप असतो.'

'म्हंजे वरचं तीन माल आधीच इकलं.'

विक्रेता हसला, पण मामा हसले नाहीत. खरं कारण असं, की पूर्वी जो तो व्यापारी ए, डबल ए असल्या आपल्याच श्रेण्या लावत असे. त्यांच्याशी गल्लत नको म्हणून नवी मोजणी डीपासून धरली. हे मामांना सांगून उपयोग नव्हता. ज्या गावात पहिला नंबर सोडून कुणी दुसऱ्यावर समाधान मानत नाही, तिथं चौथ्या अक्षराला पहिला नंबर देणं म्हणजे चेष्टाच.

क्लॅरिटीचं प्रकरण त्याहून सरस. हिऱ्याच्या पोटात जन्मतःच बारीक ठिपके, रेषा असतात. ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघून श्रेणी ठरते. व्हीव्हीएस म्हणजे भिंगातूनही मुश्किलीनं सापडतील इतके बारीक, व्हीएस त्याच्या खाली, एसआय त्याच्याही खाली. व्हीएसचा दोष नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. तरी आपण वरची पायरी चढत राहतो, म्हणजे जे दिसत नाही ते नसल्याचे पैसे मोजतो. मित्र म्हणाला, 'भावा, व्हीव्हीएस वनच घे, विषय संपला.' त्याचे पैसे नव्हते.

मग भिंग फिरलं. नवरदेवाला स्वतःची पापणी दिसली. वडिलांना काहीच दिसलं नाही, पण 'व्हय, हाय जरा' असं म्हणून त्यांनी ते पुढं सरकवलं. मामांनी भिंगातून हिरा सोडून विक्रेत्याकडं बघितलं.

वजनाला मामा सरसावले, कारण काटा हा त्यांचा प्रांत. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढली की किती किलोची काटामारी होते, यावर त्यांनी आजवर दोन आंदोलनं आणि असंख्य चहा केलेत. त्यांना सांगण्यात आलं, की कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, कॅरेटचे सेंट शंभर, आणि समोरचा हिरा तीस सेंटचा. म्हणजे साठ मिलिग्रॅम. मामांनी मान डोलावली आणि हिशेब मांडला. समजा, अंगठी ऐंशी हजारांना बसली. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये. म्हणजे साडेबावीस टन ऊस, त्यातही तोडणी-वाहतूक अजून वजा व्हायचीय. 'साडेबावीस टन एका बोटावर,' मामा म्हणाले, 'आणि काटा कुणाचा? ह्यांचाच.'

चौथी गोष्ट कट. खरं म्हणजे हिऱ्याची सगळी चमक या पैलूंच्या कोनांवर असते. पैलू चुकले तर डी रंगाचा निर्दोष खडाही काचेसारखा मुका दिसतो. पण कट बोटभर अंतरावरून पाहुण्यांना सांगता येत नाही, कॅरेट सांगता येतं. म्हणून गिऱ्हाईक कॅरेटवर पैसे घालतं आणि कटवर वाचवतं. शिवाय दुकानातल्या दिव्यांखाली बाटलीचा तुकडाही चमकेल. त्या दिवशी सगळ्यांत शहाणपणाचं काम बहिणीनं केलं. ट्रे उचलून ती काचेच्या दाराजवळ उन्हात नेऊन बघायला लागली. दोन विक्रेते आणि एक वॉचमन तिच्यामागं धावले, तो भाग वेगळा.

एवढ्यात वडिलांचं लक्ष कोंदणाकडं गेलं. अंगठी अठरा कॅरेटची, आत 750 चा शिक्का.

'आणि उरलेलं सहा कॅरेट?'

शुद्ध सोनं मऊ असतं, हिरा धरणाऱ्या चार बारीक नख्या वाकतील, म्हणून मिश्रण लागतं, हे उत्तर बरोबरच आहे. पण हल्ली तर चौदा कॅरेटच्या अंगठ्या 'डेली वेअर' म्हणून दिमाखात मांडलेल्या असतात. 1963 साली अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली, तेव्हा देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या आणि घराघरांतून शिव्याशाप गेले. बिचारे मोरारजीभाई! त्यांनी कायदा करण्याऐवजी एखादा कॅटलॉग छापायला हवा होता.

हिऱ्याचं तेच झालं. वास्तविक हिरा हा आपलाच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे बहुतेक गोवळकोंड्याच्या मुलखातून जात. आपण त्यांचं काय केलं? राजांच्या मुकुटात आणि देवांच्या दागिन्यांत बसवले, बाकीच्यांसाठी 'हिऱ्यापोटी गारगोटी' ही म्हण ठेवली. पुढं दक्षिण आफ्रिकेत ढिगानं हिरे निघाले, 1888 मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली आणि एवढा माल खपवायचा कुणाला हा तिच्यापुढं प्रश्न पडला. 1947 साली तिच्या जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईनं 'हिरा म्हणजे कायमचा' अशा अर्थाचं चार शब्दांचं इंग्रजी वाक्य लिहिलं. देश स्वतंत्र होत होता, कोल्हापूर अजून संस्थान होतं, त्याचं विलीनीकरण व्हायला 1949 उजाडायचं होतं. गेरेटीबाईंच्या वाक्यात विलीन व्हायला आम्ही आणखी साठेक वर्षं घेतली, पण झालो एकदाचे.

पुढं ऐंशीच्या दशकात त्याच कंपनीनं अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा असा दंडकही जाहिरातीतून रूढ केला. हा दंडक आमच्या नवरदेवाला कसा लावायचा? त्याचा पगार वर्षाकाठी, कारखाना देईल तेव्हा आणि देईल तितक्या हप्त्यांत येतो. दोन महिन्यांचा पगार काढायचा तर आधी कारखान्याच्या अध्यक्षांना दुकानात बोलवावं लागेल.

आता त्या 'कायमचा'बद्दल. हिरा म्हणजे कार्बन. सोनं 1,064 अंशांना वितळतं, आणि हिरा त्याच्या आधीच हवेतल्या प्राणवायूत जळायला लागतो. गुजरीतल्या मुशीत सोनं टाकलं तर घट वजा जाता सोनं परत हातात येतं. विटा-आटपाडीकडच्या गलाई बांधवांनी या एका गुणावर भारतभर संसार उभे केलेत. मुशीत हिरा राहून गेला तर हातात सर्टिफिकेट येतं.

शेवटचा गोंधळ लॅबग्रोनचा. विक्रेत्यानं हळूच दुसरा ट्रे काढला. तोच आकार, तीच चमक, किंमत फारच कमी. यंत्रात वाढवलेला हिरा हा रसायनानं, काठिण्यानं अस्सल हिराच असतो. नुसत्या डोळ्यांनी तो सोनारालाही ओळखता येत नाही, त्यासाठी यंत्र लागतं. 2023 मध्ये पंतप्रधानांनी तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांच्या पत्नीला भेट दिला तो साडेसात कॅरेटचा हिरा याच जातीचा. आई म्हणाली, 'मग ह्योच घ्या की, बायडेनबाईला चालला तर आपल्याला काय झालं?' यावर मामांनी निकाल दिला: 'आक्का, ही ब्रॉयलर. रस्सा सारखाच दिसतोय, पण पाहुण्यांना कळलं तर गावरान का न्हाई म्हणून जन्मभर ऐकावं लागंल.' जीआयएनंही 2025 पासून लॅबमधल्या हिऱ्यांना डी, व्हीव्हीएस असली श्रेणी देणं सोडलं आणि 'प्रीमियम' व 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले. मामांचं मत अमेरिकेपर्यंत पोचलं असणार.

मुलीला काय हवं होतं, हे अर्थात कुणीच विचारलं नाही. ती पुण्यात नोकरी करते, दिवसभर कीबोर्ड बडवते आणि फोटोतली उंच नख्यांची अंगठी ओढणीत अडकणार हे तिलाही कळतं. पण फोटो तिनं पाठवला होता, आणि याद्यांच्या कागदावर चढलेली गोष्ट मागं घेणं दोन्ही घरांच्या इभ्रतीचं झालं होतं.

'बरं,' मामा मूळ मुद्द्यावर आले, 'तारण किती बसंल?'

दुकानात शांतता पसरली. विक्रेत्यानं 'लाइफटाइम एक्स्चेंज', 'बायबॅक' असे शब्द काढून बघितले. मामा ढळले नाहीत. सोनेतारण देणारी बँक अंगठीतल्या सोन्याचं निव्वळ वजन धरते, खड्याचं वजा करते. म्हणजे साडेबावीस टन उसातला मोठा भाग बँकेच्या लेखी हवा. ही गोष्ट ऐकल्यावर वडिलांनी पहिल्यांदाच अंगठी हातात घेऊन नीट न्याहाळली, जणू ती आत्ताच्या आत्ता हलकी झाली होती.

तरी घेतली. मामांनी घडणावळीवर पाऊण तास घासाघीस केली, आणि मग सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि हॉलमार्कच्या एचयूआयडीचा सहा अक्षरी क्रमांक बिलावर वेगवेगळा लिहून घेतला. त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे, कारण शिकलेली मंडळी एवढंही करत नाहीत. वर तीन टक्के जीएसटी. सर्टिफिकेटवरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून बघायला मात्र बहिणीलाच बसवलं. सर्टिफिकेट घरी आल्यावर लॅमिनेट झालं आणि सातबाऱ्याच्या फायलीत गेलं.

साखरपुडा थाटात झाला. स्टेज, ड्रोन, धूर सोडणारं यंत्र. फोटोग्राफरनं नवरदेवाला गुडघ्यावर बसायला सांगितलं, तेव्हा तालमीतली पोरं मागनं ओरडली, 'लेका, पाठ लावू नगंस!' अंगठी बोटात गेली, स्क्रीनवर ती ढालीएवढी दिसली आणि पाहुण्यांत कुजबुज झाली, किती कॅरेट, किती कॅरेट.

मग गुरुजींनी हात पुढं केला. 'साखरेचा पुडा द्या.'

दोन्ही घरांनी एकमेकांकडं बघितलं. पुढच्या रांगेत एका कारखान्याचे संचालक बसलेले, दोन्हीकडची मिळून शेकडो टन ऊस घालणारी माणसं मांडवात, आणि साखर कुणीच आणली नव्हती. एक पोरगं पळत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलं आणि कागदात बांधलेली पावशेर साखर घेऊन आलं. मामांनी ती गुरुजींच्या आधी आपल्या हातात घेतली, पुडीचं तोंड उघडलं, चिमूटभर तळहातावर पसरली आणि हॉलच्या दिव्याखाली धरली.

'एम-तीस हाय,' ते म्हणाले. 'दाणा बघा की!'