बिनतेलाचा मोक्ष

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एअर फ्रायर अवतरला आणि तेलाचे पाप संपले. हे यंत्र म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी, असे काही नतद्रष्ट म्हणतात. तिकडे दुर्लक्ष करावे.

विधी सोपा आहे. सोललेल्या बटाट्याच्या फोडी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात कडा विरघळू लागेपर्यंत उकडाव्यात. पाणी निथळून, झाकण दाबून पातेले खडखडा हलवावे. फोडींना पिठूळ अस्तर चढते, तेच पुढे कुरकुरते. मग तेल (अंगावर ओतलेले तेल मोजायचे नसते) आणि 200 अंशांवर 20-25 मिनिटे. टोपलीत दीड माणसापुरतेच मावते, म्हणून चौघांचे घर तीन पाळ्यांत जेवते. एकत्र जेवायची वाईट खोड मोडली, हा फायदा वेगळाच.

या यशानंतर गेटवरच्या वडापाववाल्याची कढई जप्त करून त्यालाही एअर फ्रायर देण्याचा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडला. वड्याचे पीठ जाळीतून गळेल, ही शंका आरोग्याच्या व्यापक हितासाठी फेटाळण्यात आली. ठराव एकमताने मंजूर.

सध्या त्याची प्रत वाचता येत नाही. अल्पोपाहाराचे वडे त्याच कागदावर काढले होते.